अध्यापक महाविद्यालयातील उद्योजकतेचा अभ्यासक्रम : तीस तासांत नेमके काय व्हावे?

अध्यापकाचार्या, ठाणे (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी ठाण्यातील एका अध्यापक महाविद्यालयात शिकवते. बी.एड.च्या छात्राध्यापकांसाठी आमच्याकडे उद्योजकतेचा तीस तासांचा मूल्यवर्धित अभ्यासक्रम आहे आणि येत्या वर्षापासून त्याची फेररचना करण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवण्यात आली आहे. घटकांची नावे बदलून आणि एखादे व्याख्यान वाढवून हे काम उरकता येईल. पण ते तसे उरकले जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून अध्यापकाचार्य, शाळांतील शिक्षक आणि प्रत्यक्ष व्यवसाय करणारे अशा सर्वांचे मत मला हवे आहे.

सध्या उद्योजकतेच्या व्याख्या, उद्योजकाचे गुण, बलस्थाने व उणिवांचा तक्ता, शासकीय योजनांची यादी, दोन अतिथी व्याख्याने, एका यशस्वी उद्योजकाची मुलाखत आणि शेवटी महाविद्यालयाच्या आवारात खाद्यपदार्थांच्या स्टॉलचा एक दिवस, एवढे होते. मुलाखतींचा बराचसा मजकूर इंटरनेटवरून उतरवलेला असतो, हे फायली तपासताना लगेच कळते. स्टॉलच्या दिवशी मात्र खराखुरा उत्साह असतो, म्हणून माझी आशा त्या दिवसावर होती. तिथल्या एका गटाचा हिशेब आत्ता माझ्यासमोर आहे. कुरमुरे, फरसाण, कांदे, बटाटे, चिंच-गूळ आणि द्रोण यांचा खर्च ८६० रुपये, विक्री १,५०० रुपये, नफा ६४० रुपये. चटण्या एका विद्यार्थिनीच्या आईने घरी वाटून दिल्या, बटाटे दुसरीच्या घरच्या गॅसवर उकडले गेले, सहा जणी सकाळपासून उभ्या होत्या आणि उरलेले कुरमुरे शेवटी वाटून टाकले. यांपैकी एकाही गोष्टीचा हिशेबात उल्लेख नाही. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, मांडणी सुबक आहे, आणि आमच्या गुणदान तक्त्याप्रमाणे त्या गटाला पूर्ण गुण मिळालेले आहेत.

छात्राध्यापकांचे दोन प्रश्न मला नेहमी ऐकावे लागतात. काही जण म्हणतात की आम्हाला शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी द्यायची आहे, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागेपर्यंत वाट पाहायची आहे, त्यात हे सगळे कुठे बसते? दुसरे म्हणतात की नोकरी मिळेपर्यंत खासगी क्लास काढायचा, तेव्हा क्लास कसा चालवावा एवढे शिकवा. भरतीची आजची परिस्थिती पाहता दोन्ही म्हणणी समजण्यासारखी आहेत, परंतु उद्या वर्गात समोर बसणारे मूल या दोन्हींत कुठेच येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्याची कल्पना मांडली आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सजीवांशी निगडित काम, यंत्रे व साहित्य यांच्याशी निगडित काम आणि मानवी सेवांशी निगडित काम असे तीन प्रकार करून मुलांनी दरवर्षी प्रत्येक प्रकारातील एकेक प्रकल्प करावा असे सुचवले आहे. हे प्रकल्प करून घेण्याची वेळ आमच्याच छात्राध्यापकांवर येणार आहे, आणि त्यांनी स्वतः असे काही केल्याशिवायच ते शाळेत जाणार आहेत.

या तीस तासांच्या शेवटी छात्राध्यापकाला नेमके काय करता आले पाहिजे? त्यासाठी वेळ कुठून काढावा? आणि ज्यांनी स्वतः कधी व्यवसाय केलेला नाही अशा आम्हा अध्यापकाचार्यांनी हे कसे शिकवावे?

बेलापूर (निवृत्त अध्यापकाचार्य)

मॅडम, आपण भेळेचा हिशेब दिलात हे फार बरे केले, कारण आजवर हा विषय पुन्हा पुन्हा जिथे फसला ती जागा त्यातून नेमकी दिसते. शाळेत उत्पादक काम आणण्याचा प्रयत्न आपल्या राज्यात नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तव्यवसायाभोवती सात वर्षांचे शिक्षण रचण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा, ही त्या योजनेतील सर्वांत वादग्रस्त बाजू होती. आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागण्याचा धोका उघड आहे, असा इशारा त्या समितीने आपल्याच अहवालात देऊन ठेवला होता. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची मांडणी केली, आणि १९८७ नंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यात कार्यानुभवाची स्वतंत्र शाखाही ठेवण्यात आली. कल्पना प्रत्येक वेळी चांगली होती. शाळेत पोहोचेपर्यंत मात्र तिचे कार्यानुभवाच्या वहीत रूपांतर झाले, कारण शिक्षकाला गुण वहीवर द्यायचे होते आणि त्याने स्वतःही प्रशिक्षणात वहीच भरली होती.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की आपण दोन उद्दिष्टे वेगळी करावीत. छात्राध्यापकाने स्वतः एखादा छोटा उपक्रम सुरुवातीपासून हिशेबापर्यंत तडीस न्यावा, हे एक. दुसरे म्हणजे मुलांकडून असा उपक्रम करून घेण्याचे नियोजन त्याला करता यावे. आपल्या सध्याच्या अभ्यासक्रमात पहिले अर्धवट आहे आणि दुसरे मुळातच नाही. वाणिज्य पद्धती (म्हणजे वाणिज्य विषय शिकवण्याची पद्धत) घेतलेल्या छात्राध्यापकाला बारावीच्या वाणिज्य संघटनाच्या पुस्तकातील उद्योजकता विकासाचे प्रकरण शिकवता येईल एवढ्यावर आपण समाधान मानतो. विज्ञान, भूगोल किंवा मराठी पद्धती घेतलेल्यांचा तर विचारच होत नाही. वास्तविक या कामाला आशययुक्त अध्यापनाइतकी (विषयाचा आशय आणि तो शिकवण्याची पद्धत यांचा एकत्र विचार) योग्य जागा दुसरी नाही. भूगोलाच्या छात्राध्यापकाने वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटे येणारा भाजीपाला कुठून येतो, किती हातांतून जातो आणि प्रत्येक हातात भाव किती बदलतो याचा शोध घ्यावा आणि त्यावर आठवीसाठी घटक तयार करावा. मराठीच्या छात्राध्यापकाने एखाद्या बचत गटाच्या उत्पादनाचे माहितीपत्रक मुलांकडून लिहून घ्यावे. त्यात खोटा दावा कुठे शिरतो आणि खरा मजकूर कसा परिणामकारक करायचा, याचा तो भाषेचाच पाठ होईल.

आता वेळेविषयी. २०१४ च्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या विनियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, आली. तीस तास सलग वेळापत्रकात बसवण्याऐवजी दहा-बारा तास आंतरवासितेच्या आधी, तेवढेच तिच्या काळात आणि उरलेले ती संपल्यावर ठेवावेत. मधल्या टप्प्यात छात्राध्यापक शाळेत असल्यामुळे मुलांबरोबरचा उपक्रम तिथेच होईल आणि शेवटच्या टप्प्यात त्यावर बोलण्यासारखे खरे काही हाताशी असेल. यासाठी विद्यापीठाच्या कोणत्याही परवानगीची गरज पडू नये, कारण मूल्यवर्धित अभ्यासक्रमाची रचना महाविद्यालयाच्या हातात असते.

पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी एकदा आवर्जून पाहावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तिथे विकसित झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातील एक दिवस हाताने काम करतात, आणि ते काम शाळेला किंवा गावाला खरोखर लागणारे असते. केलेल्या वस्तूला वापरणारा कोणी तरी असतो, ही एकच अट पाळली तरी नुसती वही भरून भागत नाही.

वागळे इस्टेट (लघुउद्योजक)

नमस्कार. मी अध्यापन क्षेत्रातला नाही. धातूचे छोटे भाग जॉबवर्कवर बनवून देणारे माझे वर्कशॉप आहे. महाविद्यालयांच्या भेटी आमच्याकडे अधूनमधून येतात, त्यामुळे मॅडमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

या भेटींत विद्यार्थी यंत्रे पाहतात, फोटो काढतात आणि मला विचारतात की यशाचे रहस्य काय. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्यांनी एखादे बिल हातात घेऊन विचारावे की हा माल तुम्ही कधी दिला, पैसे कधी आले आणि मधल्या काळात कामगारांचा पगार कुठून केला. लघुउद्योगाचे जगणे-मरणे तिथे ठरते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे खरेदीदाराने आम्हाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. प्रत्यक्षात उधारी किती लांबते, ती मागताना ऑर्डर हातची जाईल ही भीती कशी असते आणि खेळते भांडवल संपले की चांगली ऑर्डर असूनही कच्चा माल कसा उचलता येत नाही, हे सगळे मी त्यांना कागदांसह दाखवू शकतो. नफ्यात असलेला धंदासुद्धा रोख रकमेअभावी बंद पडतो, ही गोष्ट कोणत्याही योजनांच्या यादीत सापडणार नाही.

दरही असाच समजून घ्यावा. समजा एका भागाला आम्ही आठ रुपये लावले. त्यात यंत्राचा वेळ आला, वीज आली, कारागिराची मजुरी आली, हत्यारांची झीज आली. शिवाय शंभरातले तीन-चार भाग मापात न बसल्यामुळे बाद होणार, त्यांचाही भार उरलेल्या चांगल्या भागांवर येतो. खर्चात घरातले काहीच न धरता दर सांगणारे नवे वर्कशॉपवाले मी पाहिले आहेत. जागा वडिलांची म्हणून भाडे धरत नाहीत, पत्नी हिशेब ठेवते म्हणून तिचा पगार धरत नाहीत, आणि दर इतका खाली सांगतात की स्वतःही टिकत नाहीत आणि शेजाऱ्यालाही टिकू देत नाहीत. भेळेच्या हिशेबात आईची मेहनत धरली गेली नाही, असे मॅडमनी लिहिले, तेव्हा मला हेच आठवले. ही सवय विद्यार्थिदशेतच मोडायला हवी.

आणखी एक विनंती. यशस्वी उद्योजकाच्या मुलाखतीबरोबर, ज्याचा व्यवसाय बंद झाला अशा माणसाशीही छात्राध्यापकांना बोलू द्यावे. वागळे इस्टेट हे औद्योगिक विकास महामंडळाचे १९६२ सालापासूनचे क्षेत्र. इथले अनेक कारखाने बंद होऊन त्यांच्या जागी कार्यालयांच्या इमारती आल्या. इथे यंत्रांवर वर्षे काढलेली आणि नंतर दुसरे काही तरी उभे केलेली माणसे आजही लोकमान्यनगर, किसननगर भागात राहतात. त्यांना व्याख्यानाला बोलावू नका, कारण व्यासपीठावर माणूस वेगळे बोलतो. चार-चार जणांनी त्यांच्याकडे जाऊन बसावे.

मॅडमना स्वतः व्यवसाय केलेला नसल्याची काळजी वाटते. माझ्या दृष्टीने ती मोठी अडचण नाही. व्यवसायातले खाचखळगे आम्ही सांगू, परंतु ऐकलेल्यातून मुलांसाठी पाठ कसा तयार करायचा, हे आम्हाला येत नाही.

कळवा (माध्यमिक शिक्षक)

वरील चर्चा वाचून समाधान वाटले, तरी एका मुद्द्यावर मला स्पष्ट मतभेद नोंदवायचा आहे. छात्राध्यापकांनी पैशांचा व्यवहार जरूर करावा, हिशेब शिकावा, उधारीही समजून घ्यावी. हाच साचा ते शाळेत घेऊन येतील आणि सहावीच्या मुलांत नफ्याची स्पर्धा लावतील, तर ते मला मान्य नाही.

माझ्या वर्गातील मुले कळवा-दिव्याच्या चाळींतून येतात. कोणाचे वडील वडापावची गाडी लावतात, कोणाची आई घरी शिलाई करते, काही मुले संध्याकाळी स्वतः गल्ल्यावर बसतात. बाजार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. शाळेतल्या आनंद मेळाव्यात ज्याचे आई-वडील सामान आणून देऊ शकतात त्याचा स्टॉल सजतो, नातेवाईक कौतुकाने खरेदी करतात आणि त्याचाच नफा सर्वांत जास्त होतो. ज्याला पन्नास रुपये आणता आले नाहीत, ते मूल त्या दिवशी इतरांच्या स्टॉलवर पाणी देत उभे असते. कोणाची आर्थिक स्थिती कशी आहे, याचे जाहीर प्रदर्शन शाळेने का मांडावे?

दिल्ली सरकारने २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकीय मानसिकतेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि २०२१ पासून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी २,००० रुपयांचे बीजभांडवल देऊन गटाने व्यवसाय करायला लावला. या प्रयोगाबद्दल मते वेगवेगळी असू शकतात, पण भांडवल शासनाने दिले आणि ते मोठ्या मुलांना दिले, या दोन गोष्टी मला योग्य वाटतात. लहान मुलांसाठी मात्र युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये मांडलेली चौकट अधिक उपयोगी आहे. संधी आणि कल्पना यांवर कृती करून इतरांसाठी मूल्य निर्माण करणे म्हणजे उद्योजकता, आणि ते मूल्य आर्थिक, सांस्कृतिक किंवा सामाजिक असू शकते, असे त्यात म्हटले आहे.

याचे शाळेतले रूप कसे असते ते सांगतो. शालेय पोषण आहारानंतर ताटे धुण्यासाठी आमच्याकडे लांब रांग लागते आणि लहान मुलांची मधली सुट्टी तिथेच संपते. सहावीच्या एका गटाने ही रांग कुठे अडते ते पाहायचे ठरवले. नळ कमी आहेत, असे सर्वांना वाटत होते. मुलांनी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा प्रत्येक जण ताटातले उरलेले अन्न नळाखालीच काढत असल्यामुळे जाळी तुंबते आणि वेळ तिथे जातो, हे लक्षात आले. त्यांनी अलीकडे एक बादली ठेवली, अन्न आधी तिथे काढायचा नियम केला आणि पहिल्या दिवशी तो कोणी पाळला नाही म्हणून दुसऱ्या दिवसापासून तिथे एका मुलाची पाळी लावली. रांग निम्म्याने कमी झाली. समस्या ओळखणे, निरीक्षण, उपाय, अपयश, बदल, लोकांना पटवणे, सगळे त्यात आले, आणि कोणाच्या खिशातून एक रुपयाही गेला नाही.

खासगी क्लासबद्दलही छात्राध्यापकांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. नोकरी लागेपर्यंत क्लास चालवणे हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. पण शिक्षकाच्या उद्योजकतेचे शिखर म्हणजे क्लास, अशी समजूत महाविद्यालयातून घेऊन कोणी बाहेर पडू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात शाळा नेणे, महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने यांतून शिकवणे, यापेक्षा मोठी उद्योजकता शिक्षकाने कोणती दाखवावी?

दिवाळे कोळीवाडा (छात्राध्यापिका)

सर्व आदरणीय सरांना आणि मॅडमना नमस्कार. मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणित पद्धती घेतली आहे. ज्यांच्याविषयी ही चर्चा चालली आहे त्यांच्यापैकीच मी एक असल्यामुळे थोडे लिहिण्याचे धाडस करते.

माझी आई मासळी विकते. आमच्या अभ्यासक्रमात उद्योजकाचे गुण लिहायचे होते तेव्हा मी पुस्तकातलेच लिहिले, आईचा विचार माझ्या मनातही आला नाही. आंतरवासितेत सहावीला नफा-तोटा शिकवायचा होता, तेव्हा मात्र तिच्याकडे बसून सगळे विचारून घेतले. लिलावात पाटी घेताना ती आतल्या मासळीचा अंदाज कसा करते, बर्फावर किती जातात, टेम्पोत वाटणी किती पडते. सकाळी वाटा दोनशेला लावलेला असतो; बारानंतर बर्फ उतरू लागला की तोच वाटा दीडशेला द्यायचा की आणखी तासभर थांबायचे, हे ती त्या दिवशीचे गिऱ्हाईक पाहून ठरवते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला भाव उतरवून देत नाही, वाट्यात एखादा मासा जास्त घालते. उरलेली मासळी मीठ लावून सुकत घालते. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधी आगोटीच्या खरेदीला लोक येतात तेव्हा सुके बोंबील आणि जवळा विकून ती पावसाळ्याची तजवीज करते. हे मी पाठ टाचणात (पाठाच्या लेखी नियोजनात) पूर्वज्ञानाच्या रकान्यात लिहिले आणि मुलांना विचारले की बारा वाजता तुम्ही काय कराल. वर्गातल्या मुलांनी जे वाद घातले, ते पुस्तकातल्या उदाहरणावर कधी घातले नसते. एका मुलीने विचारले की सुकवलेल्या मासळीचा खर्च आजच्या हिशेबात धरायचा की ती विकली जाईल त्या महिन्याच्या. त्याचे उत्तर मला मार्गदर्शक मॅडमना विचारावे लागले.

माझी विनंती एवढीच आहे की अभ्यासक्रमाची सुरुवात छात्राध्यापकांच्या घरापासून व्हावी. आमच्या वर्गात रिक्षा चालवणाऱ्यांच्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्यांच्या, भिवंडीच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांच्या घरांतून आलेले सगळे आहेत. कळव्याच्या सरांचे म्हणणे मला पटते, पण पैशांचा विषय वर्गात टाळला, तर आमच्यासारख्यांच्या घरातले ज्ञान पुन्हा वर्गाबाहेरच राहील अशी भीती वाटते. नफ्याची स्पर्धा नको, हिशेब मात्र हवा.

अध्यापकाचार्या, ठाणे

इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांची आभारी आहे. दिवाळ्याच्या छात्राध्यापिकेने सांगितलेला फरक मला मान्य आहे आणि मी तो अभ्यासक्रमात घेणार आहे. आठवीपर्यंतच्या मुलांनी स्वतः पैसे आणून विक्री करू नये. व्यवहारातले खरे हिशेब त्यांच्यासमोर जरूर यावेत. छात्राध्यापकांनी मात्र स्वतःचा उपक्रम पैशांसह करावा आणि त्याचे भांडवल महाविद्यालयाने सर्व गटांना सारखे द्यावे, अशी शिफारस मी करणार आहे. आंतरवासितेच्या आधी, तिच्या दरम्यान आणि नंतर असे तीन टप्पे करण्याची कल्पनाही स्वीकारते. पहिल्या टप्प्यात व्याख्या नसतील. प्रत्येक छात्राध्यापक घरातल्या किंवा शेजारच्या एका व्यवसायाचा एका दिवसाचा संपूर्ण हिशेब मांडेल, न दिसणाऱ्या मेहनतीसह.

एक प्रश्न उरतो आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. गुण कशावर द्यावेत? नफ्यावर दिले, तर कळव्याच्या सरांनी सांगितलेली अडचण येते. अहवालावर दिले, तर पुन्हा वहीच हाती येते.

बेलापूर (निवृत्त अध्यापकाचार्य)

गुण निर्णयांवर द्यावेत. प्रत्येक गटाने एक साधी नोंदवही ठेवावी आणि प्रत्येक महत्त्वाचा निर्णय घेताना, म्हणजे त्याचा परिणाम कळण्याच्या आधी, तारखेसह चार ओळी लिहाव्यात : काय ठरवले, कोणता दुसरा पर्याय होता, तो का सोडला आणि काय होईल असे वाटते. परिणाम कळल्यावर समोरच्या पानावर प्रत्यक्षात काय झाले ते लिहावे. ही वही आठवड्यातून एकदा अध्यापकाचार्यांनी पाहून सही केली, तर ती शेवटच्या रात्री बसून भरता येणार नाही. अंदाज चुकल्याबद्दल गुण कापायचे नाहीत. अंदाज चुकल्यावर पुढच्या निर्णयात काही बदलले का, हे पाहायचे. ज्या गटाला तोटा झाला पण ज्याने तिसऱ्या दिवशी दर, जागा किंवा वस्तू यांपैकी काही विचारपूर्वक बदलले, त्या गटाला नफ्यातल्या गटापेक्षा जास्त गुण मिळू शकतात, हे छात्राध्यापकांना सुरुवातीलाच लेखी सांगावे, म्हणजे खोटा नफा दाखवण्याचे कारणच उरणार नाही.

मुलांबरोबरच्या उपक्रमासाठी पाठ टाचण आणि झालेला पाठ यांतील फरक तपासावा. पाठ टाचणाप्रमाणे सगळे तंतोतंत घडले, असे कोणी लिहून आणले, तर मौखिक परीक्षेत त्याला एवढेच विचारावे की मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचे उत्तर तुमच्याकडे नव्हते. वर दिवाळ्याच्या छात्राध्यापिकेने सुक्या मासळीच्या खर्चाचा जो प्रश्न सांगितला, तसा एक तरी प्रश्न ज्याच्याकडे आहे, त्याच्या वर्गात काही तरी घडले आहे. मौखिकीला वागळे इस्टेटच्या उद्योजकांसारखे एक बाह्य परीक्षक असावेत. हिशेब त्यांनी तपासावा आणि पाठ आपण तपासावा.

यात अध्यापकाचार्यांचे काम वाढणार, हे उघड आहे. शंभर छात्राध्यापक असतील, तर पाच-पाच जणांचे वीस गट होतात आणि दर आठवड्याला वीस वह्या पाहाव्या लागतात. ते काम सर्व पद्धती-अध्यापकांत वाटून घ्यावे लागेल, आणि कार्यभारात त्याची नोंद व्हावी असा आग्रह आपण प्राचार्यांकडे आधीच धरावा. नाही तर पहिल्या वर्षाचा उत्साह सरला की हे काम एकट्या आपल्यावर येऊन पडेल.

वागळे इस्टेट (लघुउद्योजक)

परीक्षक म्हणून यायला मी तयार आहे आणि माझ्या ओळखीतले आणखी दोघे येतील. भेटीसाठी मात्र एका वेळी सहापेक्षा जास्त छात्राध्यापक पाठवू नयेत, कारण यंत्रे चालू असताना तेवढ्यांनाच सुरक्षितपणे उभे राहता येते आणि बोललेले ऐकू येते. शुक्रवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते, त्या दिवशी वर्कशॉप बंद दिसेल. पण हिशेबाचे कागद घेऊन निवांत बसायचे असेल, तर तोच दिवस सोयीचा आहे. गेल्या वर्षातली बिले, पैसे येण्याच्या तारखा आणि बाद मालाची नोंद, ग्राहकांची नावे झाकून, मी काढून ठेवतो. जुलैच्या आधी कळवलेत, तर बरे होईल.